ना. सी. फडके : तंत्राची वाट आणि आशयाचा प्रश्न

मराठीत प्रणयकादंबरीची चर्चा निघाली की ना. सी. फडके यांचे नाव आधी येते आणि त्यामागोमाग ‘तंत्र’ हा शब्द येतो. गेली कित्येक दशके आपल्या समीक्षेने हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला आहे. एखाद्याला ‘तंत्रवादी’ म्हटले की तो लेखक कृत्रिम आणि वरवरचा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रस्तुत लेखातील म्हणणे असे, की फडके यांच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले गेले. ते कसे लिहीत हा एक प्रश्न आणि कशाविषयी लिहीत हा दुसरा. पहिल्याचे उत्तर त्यांनी स्वतःच ग्रंथरूपाने देऊन ठेवले आहे. दुसऱ्याचे उत्तर त्यांच्या कादंबऱ्यांत काय आले आणि काय आले नाही, हे पाहून शोधावे लागते. हे दोन प्रश्न वेगळे न केल्याने फडके यांचे आता काही बिघडत नाही. बिघडते ते आज नव्याने लिहू पाहणाऱ्याचे, आणि तेही हिंगोलीसारख्या ठिकाणी बसून लिहिणाऱ्याचे अधिक.

फडके यांचा जन्म ४ ऑगस्ट १८९४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील कर्जत येथे झाला. शिक्षण पुण्यात झाले. ‘मेणाचा ठसा’ ही त्यांची पहिली कथा १९१२ साली ‘केरळ कोकिळ’ मासिकात आली, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. १९१७ मध्ये ‘अल्ला हो अकबर’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. ती स्वतंत्र नव्हती. मेरी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या ‘टेम्पोरल पॉवर’ या कादंबरीवरून ती बेतली होती. मेरी कोरेली ही त्या काळची अफाट खपाची लेखिका. तिच्याकडे विद्वान नाके मुरडत आणि वाचक रांगा लावत. फडके यांनी पहिले बोट धरले ते अशा लेखिकेचे, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही. परक्या कादंबरीचा सांगाडा मराठीत उभा करताना लेखकाला सांधे कुठे आहेत हे कळते. प्रसंग कुठे थांबवला की वाचक पान उलटतो, कोणती गोष्ट दडवून ठेवावी लागते, दडवलेली गोष्ट कधी उघड केली तर परिणाम होतो, हे सारे हाताला कळते. सुताराकडे उमेदवारी करणारा मुलगा जुनी खुर्ची खोलून पुन्हा जोडतो, त्यातलाच हा प्रकार.

या उमेदवारीनंतर ‘कुलाब्याची दांडी’ यायला १९२५ साल उजाडले. मधल्या आठ वर्षांत फडके यांनी अध्यापन केले, असहकाराच्या चळवळीत नोकरी सोडली, पुढे दिल्ली, सिंधमधील हैदराबाद, नागपूर अशा ठिकाणी शिकवले. १९२६ मध्ये ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले आणि १९४९ पर्यंत तेथेच राहिले. त्यांचे विषय तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र. पुढे ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’, ‘निरंजन’, ‘उद्धार’ अशी रांग लागली आणि अखेरीस कादंबऱ्यांची संख्या सत्तरच्या पुढे गेली. १९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि १९६२ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. २२ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

या सनावळीत एक क्रम आहे. ‘प्रतिभासाधन’ हा लेखनतंत्रावरचा त्यांचा ग्रंथ १९३१ सालचा, म्हणजे पहिल्या कथेनंतर एकोणीस वर्षांनी आलेला. आधी नियम ठरवले आणि मग त्यांबरहुकूम कादंबऱ्या पाडल्या, असे जे चित्र पुष्कळांच्या मनात असते ते या क्रमात बसत नाही. आधी हाताने केले आणि मग हाताला काय कळले ते लिहून काढले, असे घडले. इंग्रजी-अमेरिकी पाठ्यग्रंथांचा, विशेषतः क्लेटन हॅमिल्टन यांच्या विवेचनाचा ठसा ‘प्रतिभासाधन’वर आहे. पण त्या ग्रंथांतला मुद्दा पटायला स्वतःच्या लेखनाचा पडताळा लागतो, आणि तो फडके यांच्यापाशी होता.

‘प्रतिभासाधन’ हे नावच बोलके आहे. आपल्याकडे प्रतिभा ही देणगी मानली जाते. जन्माला येताना मिळते किंवा मिळत नाही. फडके यांनी तिच्यापुढे ‘साधन’ हा शब्द ठेवला. कथानकाची निवड, त्यातील गुंतागुंत आणि उकल, पात्रांची उभारणी, निवेदनाची पद्धत, वातावरण, संवाद, उत्कंठा, आरंभ आणि शेवट यांचा विचार करता येतो, तो शिकता येतो आणि सरावाने वाढवता येतो, असे त्यांचे सांगणे. मानसशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला निर्मितीची क्रिया ही गूढ राहू द्यावीशी वाटली नाही, यात नवल नाही. वाचकाचे लक्ष कसे वेधले जाते आणि कशाने ढळते, हा त्यांच्या वर्गातलाही विषय होता.

या भूमिकेचे सामाजिक मोल आपण नीट मोजलेले नाही. त्या काळी लेखक होण्याची वाट पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतून, मासिकांच्या कचेऱ्यांतून आणि ओळखीपाळखीतून जात असे. आमच्या भागाची परिस्थिती त्याहून बिकट. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. राज्याचा कारभार उर्दूत चाले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठीत लिहू पाहणाऱ्याला गुरू नाही, वर्ग नाही, संपादकाची ओळख नाही. अशा माणसाला ‘प्रतिभा जन्मजात असते’ असे सांगणे म्हणजे दार लावून घेणे. ‘ही विद्या आहे, ती पुस्तकातून शिकता येते’ असे सांगणे म्हणजे निदान कडी काढून ठेवणे. फडके यांनी कडी काढली. ज्याने कोणत्याही विद्यापीठाच्या आधाराशिवाय, वाचनालयातली पुस्तके चाळत साहित्याचा अभ्यास केला आहे, त्याला या वाक्याची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

इथवर फडके यांची बाजू झाली. आता दुसरा प्रश्न.

‘प्रतिभासाधन’ सामग्री हाती आल्यावर तिचे काय करावे हे तपशिलाने सांगते. ती सामग्री कोणती असावी आणि तिच्यातून काय वगळले जाते, या प्रश्नावर मात्र त्याचा भर नाही. पुण्या-कोल्हापुरातील सुशिक्षित मध्यमवर्ग हाच फडके यांचा विषय आणि तोच त्यांचा वाचक. लेखकाचे घर, नायकाचे घर आणि वाचकाचे घर एकाच आळीत असावे तसा हा प्रकार. त्यामुळे ‘कशाविषयी लिहावे’ हा प्रश्न त्यांना अडला नाही. आणि जो प्रश्न अडत नाही, त्याची चर्चा ग्रंथात येत नाही.

याचा परिणाम त्यांच्या प्रणयकथेच्या गाभ्यावर झाला. प्रेमकथा चालते ती अडथळ्यावर. दोघे भेटले, आवडले आणि लग्न झाले, एवढ्यात कादंबरी होत नाही. म्हणून प्रणयकादंबरीकाराला पहिला विचार करावा लागतो तो अडथळा कुठून आणायचा याचा. १९२५ ते १९४० या काळात मराठी समाजात प्रेमाच्या वाटेत अडथळ्यांची वाण नव्हती. जात होती, हुंडा होता, वैधव्य होते, मुलीला न विचारता ठरणारे लग्न होते. मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा असावे असा कायदा व्हायला १९२९ साल उजाडले. ‘दौलत’ही त्याच वर्षीची. फडके यांच्या कादंबऱ्यांत हे प्रश्न अधूनमधून डोकावतात. पण कथानकाचे चाक बहुतेक वेळा फिरते ते गैरसमजावर, योगायोगावर, दडवलेल्या गोष्टीवर, तिसऱ्या व्यक्तीच्या डावपेचावर. गैरसमज दूर झाला की वाट मोकळी होते. जात अशी दूर होत नाही. समाजाने निर्माण केलेला अडथळा शेवटच्या प्रकरणात सोडवता येत नाही. लेखकाने निर्माण केलेला सोडवता येतो. सुखद उकल हवी असेल तर दुसऱ्या प्रकारचा अडथळा सोयीचा.

हे फडके यांना कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. संततिनियमनाच्या बाजूने त्यांनी इंग्रजीत ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना आहे. त्या काळी हा विषय उघडपणे मांडायला धैर्य लागे. विवाह, शरीरसंबंध, बाळंतपण, स्त्रीची प्रकृती यांचा विचार केलेला हा लेखक होता. पण त्यांच्या कादंबरीतल्या नायिकेच्या प्रेमाला सुंदर साडी आहे, आवडते गाणे आहे, टेकडीवरचा फेरफटका आहे. बाळंतपणाची भीती क्वचितच आहे. म्हणजे एकाच लेखणीने प्रबंधात जे लिहिले, ते कथेत बाजूला ठेवले. ही अजाणता झालेली चूक नव्हे, ही निवड आहे. कलेचे काम आनंद देणे, उपदेश किंवा प्रचार नव्हे, ही त्यांची भूमिका होती आणि ‘जीवनासाठी कला’ म्हणणाऱ्या वि. स. खांडेकरांशी त्यांचा वाद याच मुद्द्यावर गाजला. फडके यांच्या निर्मितिप्रक्रियेतले खरे निर्णायक पाऊल तंत्राच्या आधीचे आहे. ते आहे वगळण्याचे.

वगळलेले काय होते, ते त्याच काळात दुसरीकडे दिसते. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आले. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले त्यात होते. विषय प्रेमाचाच, वर्गही साधारण तोच. पण इथे अडथळा बाहेरचा, समाजाचा आहे आणि तो सुटत नाही. पुस्तकाने खळबळ उडाली आणि ते कोणी लिहिले याचा शोध सुरू झाला. गैरसमजावर उभ्या असलेल्या कादंबरीच्या लेखकाला कोणी असे हुडकत नाही. सामग्री बदलली की काय होते, याचे हे उत्तम उदाहरण.

फडके यांच्या मागून आलेल्यांनी मात्र गफलत केली. अनुकरण करणाऱ्यांनी तंत्राबरोबर सामग्रीही उसनी घेतली. जो कधी टेनिसच्या मैदानाजवळून गेला नाही, तोही टेनिस खेळणारा नायक रंगवू लागला. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने हा साचा मोडला आणि ते आवश्यकच होते. पण त्या झटापटीत ‘तंत्र’ हा शब्दच बाद ठरला. वास्तविक नवकथाकारांपाशी तंत्र नव्हते असे नाही. माडगूळकरांची कथा किती कमी शब्दांत उभी राहते ते पाहावे. त्यांनी सामग्री बदलली आणि तिला साजेसे वेगळे तंत्र घडवले.

याच संदर्भात आमच्या शेजारचे बी. रघुनाथ आठवतात. सातोन्यात १९१३ साली जन्मलेले, मॅट्रिकनंतर पुढे शिकता न आल्याने बांधकाम खात्यात कारकुनी करणारे, आणि १९५३ मध्ये चाळिशीतच गेलेले. त्यांच्या आरंभीच्या कादंबऱ्यांवर त्या काळच्या प्रणयकादंबरीचा संस्कार जाणवतो. ‘हिरवे गुलाब’ हे शीर्षकही त्याच वळणाचे. तिथून ते ‘आडगावचे चौधरी’पर्यंत आले. गुलाबापासून आडगावापर्यंतचा हा प्रवास म्हणजे लेखकाला स्वतःची सामग्री सापडण्याचा प्रवास आहे. गोष्ट बांधण्याची सवय आधी लागली, आणि गाव नंतर दिसले. पण गाव दिसले तेव्हा ते बांधायला हात तयार होता.

आज आमच्याकडे लिहिणाऱ्या तरुणांना नेमका उलटा उपदेश मिळतो. ‘अनुभव अस्सल असला की पुरे, लिहीत जा.’ कोरडवाहू शेती, स्थलांतर, वसतिगृह, न जमलेले लग्न असा अनुभव त्यांच्यापाशी भरपूर असतो, आणि तो फडके यांच्या कोणत्याही नायकापेक्षा जड असतो. पण गोष्ट कुठून सुरू करावी, काय राखून ठेवावे, कुठे थांबावे, हे त्यांना कोणी सांगत नाही. चांगला ऐवज पन्नासाव्या पानावर फसतो. मग म्हटले जाते, प्रतिभा कमी पडली. अनेकदा कमी पडलेले असते ते साधन.

म्हणून ‘प्रतिभासाधन’ पुन्हा वाचावे, असे सुचवावेसे वाटते. त्यातली उदाहरणे जुनी झाली आहेत, त्यातला आनंदवाद आपल्याला पुरणारा नाही, आणि सामग्रीविषयी तो ग्रंथ आपल्याला फारसे काही देऊ शकत नाही. त्याची गरजही नाही. ती आपल्यापाशी आहे. लिहिणे शिकता येते, हे मात्र त्याच्याकडून घ्यावे. फडके यांना अडथळे बनवावे लागले. आपल्याला ते आयते मिळाले आहेत, आणि ते शेवटच्या प्रकरणात सुटत नाहीत. अशा न सुटणाऱ्या गाठीची प्रेमकथा शेवटच्या पानापर्यंत वाचकाला सोबत कशी नेईल, हा प्रश्न तंत्राचाच आहे. तो फडके यांनी सोडवला नाही. सोडवायचा कोणी, हे उघड आहे.