कहूनबाईंचं सस्पेन्स खातं

चित्रकलेतलं मला कळतं, असा दावा मी कधीच केलेला नाही. मी बी.कॉम. आहे. डावीकडची बेरीज आणि उजवीकडची बेरीज सारखी आली पाहिजे, एवढंच आम्हाला शिकवलेलं असतं आणि त्याच भांडवलावर गेली बावीस वर्षं मी बँकेत पोट भरतो आहे. तरीही आज चित्रांवर लिहायला बसलो, याचा सगळा दोष लंडनच्या भाच्याकडे. २०२५ साली तिथल्या टेट ब्रिटन कलादालनात एका बाईंच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं. भाचा ते पाहून आला आणि मामासाठी त्याने त्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक आणलं. मी चॉकलेटं सांगितली होती.

बाईंचं नाव इथेल कहून. इंग्रजीत या आडनावात नऊ अक्षरं आहेत. त्यातली एल आणि क्यू उच्चाराच्या वेळी काहीच काम करत नाहीत, नुसती मस्टरवर सही करून बसतात. आमच्या शाखेच्या मानाने हे प्रमाण चांगलंच म्हणायचं. लंच टायमात मी ते नाव मोठ्याने वाचलं, तर आमचे अमरावतीचे कॅशियर डब्यातून मान वर करून म्हणाले, "काहून?" वऱ्हाडात काहून म्हणजे का, कशासाठी. पुढे पुस्तक वाचताना हाच प्रश्न मला पानोपानी पडला.

बाई जन्मल्या आपल्या शिलाँगला, १९०६ साली. लहानपणीच इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये चित्रकला शिकल्या आणि १९३९ साली तिथल्या अतिवास्तववाद्यांच्या गटात शिरल्या. आता अतिवास्तववाद म्हणजे काय? ज्या रकमेचा मेळ कुठेच लागत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. माणसाच्या मनातही असं एक खातं असतं. स्वप्नं, भीती, वासना, सगळं तिथे जमा. ही मंडळी चित्रासाठी पैसे काढायची ती त्याच खात्यातून!

बाईंचं सर्वांत गाजलेलं चित्र १९३८ सालचं 'सिला'. सिला म्हणजे ग्रीक पुराणातली खलाशांना गिळणारी राक्षसीण. चित्रात समुद्रातून दोन गुळगुळीत सुळके वर आलेले, त्यांच्यामधून एक होडी येऊ पाहते आहे, खाली पाण्यात शेवाळ. मी म्हटलं, वा, निसर्गचित्र! मग खालचा मजकूर वाचला. हे दृश्य बाईंना सुचलं ते बाथटबमध्ये बसल्या असताना. सुळके म्हणजे त्यांचेच गुडघे-मांड्या. शेवाळाबद्दल सौभाग्यवतींनी विचारलं तेव्हा मी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी आंघोळीला बसल्यावर मीही स्वतःच्या गुडघ्यांकडे टक लावून पाहिलं. आमच्याकडे टब नाही, बादली आहे. दहा मिनिटं पाहूनही ते गुडघेच राहिले. बाहेरून मात्र, "झोप लागली का हो?" असा आवाज आला. तेव्हा कळलं, की बायकांची उघडी शरीरं पुरुषांनी शेकडो वर्षं समोर उभं राहून रंगवली. या बाईने स्वतःचं शरीर आतून, मालकिणीच्या नजरेनं पाहिलं. होडीतल्यांनी काय ते सांभाळून यावं!

पुढचा किस्सा खरा. बाईंना गूढविद्येचा नाद होता. किमया, गुप्त पंथ, मंत्रतंत्र, सगळं. १९४० साली गटाचे पुढारी मेसेन्स यांनी फर्मान काढलं, की आमच्या गटात राहायचं तर दुसऱ्या कुठल्याही संघटनेशी संबंध ठेवायचा नाही. बाईंनी ते मानलं नाही आणि गट सुटला. स्वप्नांच्या स्वातंत्र्याचा झेंडा घेतलेली माणसंसुद्धा शेवटी सर्क्युलरच काढतात, हे वाचून मला फार धीर आला. लगेच शरमही वाटली. मला एकदा साहेबांनी अर्धवट हसत विचारलं होतं, "नोकरी करता की लेखन?" उरलेलं अर्धं हसू मी त्यांना दिलं आणि पुढे दोन वर्षं एक ओळ लिहिली नाही.

बाई मात्र थांबल्या नाहीत. पुढे त्या कॉर्नवॉलच्या लामोर्ना दरीत झोपडीवजा स्टुडिओ करून राहिल्या. तिथे हजारो वर्षांपूर्वीचे उभे दगड आहेत. एकोणीस दगडांच्या एका वर्तुळाला तिथले लोक 'मेरी मेडन्स' म्हणतात. रविवारी नाचल्या म्हणून शिळा झालेल्या पोरी, अशी गोष्ट आहे. (आमच्याकडे रविवारी कामावर बोलावतात तेव्हा होतात.) दगड जिवंत असतात असं बाईंना मनापासून वाटे, १९५७ सालच्या त्यांच्या पुस्तकाचं नावच 'जिवंत दगड'. शेंदूर फासलेल्या धोंड्याला हात जोडत वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

पण बेरीज तपासायची तर उणी बाजूही मांडली पाहिजे. १९७७ साली त्यांनी भविष्य सांगायच्या टॅरोचे अठ्ठ्याहत्तर पत्ते केले. एकावरही माणूस नाही, नुसते ओतलेले चकचकीत रंग. त्यातला एकेक रंग शास्त्राधाराने निवडलेला म्हणे. असेल. पण कोष्टक हातात घेतल्याशिवाय ते पत्ते माझ्याशी बोलले नाहीत. 'सिला'ला कोष्टक लागलं नाही. जिथे बाईंची श्रद्धा डोळ्यांतून हातात उतरते तिथे चित्र उभं राहतं. जिथे ती तक्त्यातून उतरते तिथे तक्ताच उरतो. हे माझं मत, बी.कॉम.चं म्हणून सोडून द्यावं.

बाई १९८८ साली कॉर्नवॉलमध्येच गेल्या. पुढे २०१९ साली त्यांची हजारो रेखाटनं आणि कागद टेटकडे आले. एवढ्या वर्षांनी सस्पेन्स खातं अखेर निकाली निघालं, आणि शिल्लक भरपूर निघाली.

परवा कॅशियरसाहेबांनी 'सिला' पुन्हा मागून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. या वेळी ते "काहून?" म्हणाले नाहीत.