सुवर्णयुगाचे ठसे

ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्याच्या पहिल्या सर्गातील सुवर्णयुग बहुतांशी नकारांनी घडलेले आहे. तेथे कायदा नाही, न्यायाधीश नाही. तटबंदी आणि रणशिंग नाही. भूमीला नांगराचा फाळ लागलेला नाही. शब्दाला हे सहज साधते. चित्राला मात्र ‘नाही’ म्हणता येत नाही. प्रबोधनकालीन छापचित्रकारांपुढील खरा पेच हाच होता.

१५५७ साली लिऑं येथे निघालेल्या सचित्र ओव्हिडमध्ये बर्नार सालोमॉंने तळव्यात मावतील असे काष्ठठसे कोरले. प्रत्येक चित्रासोबत आठ ओळींचे पद्य असल्यामुळे नकाराचा भार पद्यानेच उचलला. व्हिर्गिल झोलिसने हेच ठसे उलट्या बाजूने उतरवून १५६३ मध्ये फ्रांकफुर्टला नेले. नवे असे त्यात फारसे नाही.

हेंड्रिक गोल्टझिउसच्या आरेखनांवरून सुमारे १५८९ मध्ये हार्लेम येथे कोरली गेलेली मालिका मात्र वेगळ्या कोटीची आहे. सुवर्णयुगाचे चित्र सुटे पाहिले तर काहीसे मिळमिळीत वाटते. त्यातील विवस्त्र देहांत निरागसतेपेक्षा देहरचनेवरील प्रभुत्वाचाच प्रत्यय अधिक येतो. परंतु रौप्य, कांस्य असे टप्पे ओलांडून लोहयुगाच्या पानावर शस्त्रे उपसलेली माणसे समोर आली, की पहिल्या चित्रात काय नव्हते ते एकदम उमगते. एकट्या चित्राला न साधलेला नकार क्रमाने साधला आहे. हार्लेमने १५७३ साली सात महिन्यांच्या वेढ्यानंतर स्पॅनिश सैन्यापुढे शरणागती पत्करली होती. त्या नगरीतील ग्राहकाच्या लेखी तटबंदी आणि रणशिंग हे काव्यालंकार खासच नव्हते.

आपल्याकडील कृत, त्रेता, द्वापर, कली ही नावे द्यूतातील दानांची. ओव्हिडची युगे धातूंची. धातूसाठी पृथ्वीचे पोट खणणे हा त्याच्या मते लोहयुगाचा अपराध. आणि हे सुवर्णयुग तर तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीने कोरलेले, दाबयंत्राखालून निघालेले, बाजारात विकले गेलेले!

निकोलास दे ब्रुइनने आब्राहाम ब्लूमार्टच्या चित्रावरून १६०४ मध्ये केलेले सुवर्णयुगाचे ताम्रकोरीव चित्र आकाराने मोठे आणि माणसांनी गजबजलेले आहे. त्याची कारागिरी निर्दोष आहे. पण शेजारी लोहयुग नसल्याने ती माणसे वनभोजनाला जमल्यासारखी दिसतात.