पाच तारे आणि एक वाक्य

मराठी समीक्षेच्या दुरवस्थेविषयी आपल्याकडे नित्यनेमाने लिहिले जाते. समीक्षक उरले नाहीत, जे उरले त्यांना कोणी वाचत नाही, आणि जे वाचतात त्यांना ते कळत नाही, असा या लेखनाचा साधारण सूर असतो. त्या सुरात सूर मिसळण्याचा माझा विचार नाही. उलट माझे म्हणणे असे आहे की, आज जितकी समीक्षा लिहिली जाते तितकी मागे कधीच लिहिली गेली नव्हती. फक्त आपण तिला जिथे शोधतो तिथे ती नाही. मोबाइलवर एखादे ॲप उतरवून घेण्यापूर्वी, पैसे पाठविण्याची वा तिकीट काढण्याची एखादी सेवा पत्करण्यापूर्वी, आपण आधीच्या वापरकर्त्यांचे अभिप्राय वाचतो. वर पाचांपैकी काही तारे, खाली दोन-चार ओळी. आपण समीक्षा करीत आहोत याची जाणीव या ओळी लिहिणाऱ्याला नसते. पण एखादी गोष्ट स्वतः अनुभवून तिच्या मूल्याविषयी दुसऱ्याला काही सांगणे, याला समीक्षा म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? तेव्हा या लेखनाकडे एक वाङ्मयप्रकार म्हणून पाहावे, आणि त्यात चांगले कोणते, वाईट कोणते, याचा विचार करावा, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम ताऱ्यांविषयी. हा शोध संगणकाचा नव्हे. मारियाना स्टार्क या इंग्रज लेखिकेने यूरोपच्या प्रवाशांसाठी 1820 साली जी मार्गदर्शिका लिहिली, तीत कलाकृतींपुढे उद्गारचिन्हे घातली होती. कृती जितकी थोर तितकी चिन्हे अधिक. पुढे बेडेकरांनी (आपले समीक्षक बेडेकर नव्हेत, जर्मन प्रकाशक) प्रेक्षणीय स्थळांना तारे दिले, आणि 1926 पासून मिशेलिन ही फ्रेंच टायर कंपनी उपाहारगृहांना तारे देऊ लागली. या साऱ्यांत एक गोष्ट समान होती. तारे देणारा एकच होता. त्याची आवडनिवड, त्याचे पूर्वग्रह वाचकाला हळूहळू कळत जात, आणि त्याच्या ताऱ्यांतून किती वजा करायचे आणि किती मिळवायचे हा हिशेब वाचक मनातल्या मनात करू शकत असे.

1995 साली ॲमेझॉनने आपल्या दुकानात पुस्तकांवर गिऱ्हाइकांचे अभिप्राय छापण्यास आरंभ केला, आणि तारे देणारा एकाचा अनेक झाला. अनेकांचे तारे एकत्र आले की त्यांची सरासरी निघते. येथेच गफलत होते. एकाने पाच तारे दिले आणि दुसऱ्याने एक, तर सरासरी तीन येते. पण तीन तारे तर कोणीच दिलेले नसतात! जे मत कोणाचेही नाही ते सर्वांचे मत म्हणून वर ठळक अक्षरांत झळकते. शिवाय मधले तारे देण्याचा कंटाळा हा मनुष्यस्वभावच दिसतो. यूट्यूबने 2009 साली आपल्याकडील ताऱ्यांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक सगळे पाचच होते. उरलेल्यांत एक ताऱ्याचा भरणा मोठा. दोन, तीन, चार यांना जवळजवळ कोणी विचारीत नव्हते. पुढच्याच वर्षी तारे गेले आणि त्यांच्या जागी वर किंवा खाली करायचा अंगठा आला. 2017 साली नेटफ्लिक्सनेही तोच मार्ग धरला. आपल्याकडे अंगठा हा निरक्षराच्या सहीचा असे. समीक्षेचा प्रवास सहीकडून अंगठ्याकडे झाला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तरीही या आकड्याची सत्ता मोठी आहे. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ मायकेल लुका यांनी 2011 साली सिॲटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास केला. येल्प या अभिप्रायांच्या सेवेवर एक तारा वाढला की उपाहारगृहाचे उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. जिथे ताऱ्याला असा भाव आला, तिथे खोटे तारे पाडणारे कारखाने निघणारच. भारतीय मानक ब्यूरोने 2022 साली अशा अभिप्रायांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. अमेरिकेत 2024 साली खोट्या अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदीचा नियम लागू झाला. या उपायांची आवश्यकता मी नाकारीत नाही. पण खोटा अभिप्राय हा पोलिसांचा विषय आहे. माझा विषय खरा अभिप्राय हा आहे, आणि खऱ्या अभिप्रायाचेही ताऱ्यांत काय होते हे पाहण्यासारखे आहे.

दोन उदाहरणे घेतो. 2020 च्या आरंभी चीनमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि डिंगटॉक नावाच्या ॲपवर वर्ग भरू लागले. घरी बसूनही गृहपाठ सुटेना, तेव्हा मुलांनी त्या ॲपला एकेक तारा देण्याचा सपाटा लावला. तारे फार कमी झाले की ॲप दुकानातून काढून टाकतात, अशी त्यांची समजूत होती. शेवटी कंपनीला मुलांपुढे गाणे म्हणून गयावया करावी लागली. दुसरे उदाहरण आपल्याकडचे. 2017 साली स्नॅपचॅटच्या प्रमुखांनी भारताला गरीब देश म्हटल्याची बातमी पसरली. कंपनीने ती नाकारली. पण संतापलेल्या लोकांनी तिच्या ॲपवर एक ताऱ्याचा पाऊस पाडला, आणि त्या भरात कित्येकांनी स्नॅपडील या भारतीय दुकानालाही तो दिला. नावाच्या पहिल्या दोन अक्षरांपलीकडे त्या दुकानाचा काही अपराध नव्हता! मुलांचा तारा गृहपाठाला होता, देशाभिमान्यांचा तारा एका वाक्याला होता. पण आकड्यात दोन्ही मिसळून गेले आणि ॲप वाईट आहे एवढाच अर्थ उरला. आकड्याला किती ते सांगता येते. कशासाठी ते सांगता येत नाही.

येथे आपल्या भाषेने एक मोठी सोय करून ठेवली आहे. अभिप्राय या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ मत असा नाही. हेतू, आशय, मनात धरलेली दिशा असा आहे. ‘तुझा अभिप्राय मला कळला’ याचा अर्थ तुला काय साधायचे आहे ते मला कळले. मराठीत तो शब्द मताचा वाचक झाला. पण जुना अर्थ आत जागा आहे, आणि चांगल्या अभिप्रायाची कसोटी तोच पुरवितो, असे मला वाटते. ज्या मतात मत देणाऱ्याचा हेतू दिसतो तेच मत दुसऱ्याच्या उपयोगी पडते. ‘एकदम बकवास’ या दोन शब्दांत राग आहे, माणूस नाही. ‘मस्त, पैसे वसूल’ यात संतोष आहे, पण कशाचा ते नाही. याउलट, माझे वडील वृद्ध आहेत, त्यांना अक्षरे मोठी करून हवीत, ती येथे होत नाहीत, असे जो लिहितो त्याने ॲपही सांगितले, स्वतःलाही सांगितले, आणि आपले मत कोणी घ्यावे, कोणी सोडून द्यावे, हेही सांगितले. ज्याची दृष्टी उत्तम आहे तो ते वाक्य वाचून निर्धास्तपणे पुढे जाईल. आस्वादक समीक्षेकडून आपण याहून वेगळे काय मागतो?

या वाङ्मयप्रकाराचे आणखी एक लक्षण त्याच्या संबोधनात आहे. एस.टी.च्या तक्रारपुस्तकात प्रवासी लिहीत असे ते अधिकाऱ्याला उद्देशून. म्हणून तिथे ‘महोदय’ येई, विनंती येई. वापरकर्त्याचा अभिप्राय मालकाला उद्देशून नसतो. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला उद्देशून असतो. ‘घेऊ नका’, ‘जपून वापरा’, ‘आधी हे करून बघा’ अशी त्याची क्रियापदे असतात. वाटेवरच्या ओढ्याला पाणी किती आहे हे परतणाऱ्याने जाणाऱ्याला सांगावे, तसा हा व्यवहार आहे. त्यात मोबदला नाही, कीर्ती नाही. अशी निरपेक्षता आमच्या समीक्षकांच्या वाट्याला फारशी येत नाही.

परंतु जाणाऱ्याला दुसरी वाटच नसेल तर? महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीचे ॲप राज्यभर लागू केले. गाव नमुना 12 मधील जी पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत, ती शेतकऱ्याने आता बांधावर उभे राहून, पिकाचा फोटो काढून स्वतः करायची. नुकसानभरपाईला, हमीभावाच्या खरेदीला ही नोंद लागते. मुदत संपत आली की सर्व्हरवर ताण येतो, रानात रेंज नसते, आणि मग मुदतवाढीच्या बातम्या येतात. हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. अशा सेवांवरचे मराठी अभिप्राय मी आवर्जून वाचतो. त्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नसतो, विरामचिन्हे नसतात, आणि बोलीची वळणे जशीच्या तशी असतात. पण गट क्रमांक असतो, पिकाचे नाव असते, कितव्यांदा रानात आलो तेही असते. म्हणजे माझ्या कसोटीला हे अभिप्राय पुरेपूर उतरतात. मात्र ते वाचून कोणाला काही निवडायचे नसते. दुसऱ्या दुकानात जाण्याची मोकळीक तिथे नाही. म्हणून तेथे अभिप्रायाचा पुन्हा अर्ज होतो, आणि तो अर्ज अशा जागी पडतो जिथे त्याला आवक क्रमांकही मिळत नाही. फार तर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे छापील उत्तर येते. त्या शेतकऱ्याच्या वाक्यातून त्याची सगळी अडचण कळते. सरासरीत मात्र तो एक तारा असतो.

म्हणून माझा आक्षेप सामान्य माणसाने समीक्षा करण्यावर नाही. तिचे मी स्वागतच करतो. आक्षेप आहे तो वाक्य गाळून तारा मोजण्यावर. मग ते कंपनी करो, सरकार करो, की घाईत असलेले आपण वाचक करोत. तारे द्यायचे तर खुशाल द्यावेत, पण त्यांच्याखाली एक वाक्य लिहावे, आणि त्या वाक्यात आपण कोण, कशासाठी आलो आणि काय घडले, एवढे असावे. वाचताना त्याच वाक्याकडे आधी पाहावे. ग्रंथसमीक्षकांनीही ही शिस्त लावून घेतली, तर मराठी समीक्षेच्या दुरवस्थेविषयी लिहायला निदान एक कारण कमी उरेल.