कटाची संहिता : १७८७ चे गोवे आणि पराभूतांचे कथन

फसलेल्या उठावाचा इतिहास बहुधा प्रतिपक्षाच्या दप्तरात लिहिला जातो. म्हणून अशा लेखनातील घटनेआधी घटनेला दिलेले नाव तपासणे हे समीक्षेचे पहिले काम ठरते. ‘कट’, ‘बंड’, ‘उठाव’ या संज्ञांतच निवाडा दडलेला असतो.

उत्तर इंग्लंडातील कॅथलिक सरदारांनी १५६९ मध्ये प्रॉटेस्टंट राणी पहिली एलिझाबेथ हिच्याविरुद्ध केलेल्या व फसलेल्या उठावाचा अर्थ प्रायः पंथभेदाच्या आधारे लावला जातो. गोव्यात १७८७ मध्ये उघडकीस आलेल्या ‘पिंटोंच्या कटा’ला हे प्रतिमान लागू पडत नाही. येथे पोर्तुगालची राणी पहिली मारिया कॅथलिक आणि तिच्या सत्तेविरुद्ध उभे राहिलेले पाद्रीही कॅथलिकच. पात्रता असूनही एतद्देशीय म्हणून चर्चमधील उच्च पदे नाकारली जाणे, हे त्यांच्या असंतोषाचे प्रमुख कारण होते. धर्माने ज्यांना समान मानले त्यांना वंशाने खालचे ठरवले. हा अंतर्विरोध पंथभेदाच्या परिभाषेत मांडताच येत नाही.

शिक्षांची विभागणीही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १७८८ मध्ये पंधरा जणांना जाहीररीत्या देहान्त शासन झाले. पाद्र्यांची रवानगी मात्र लिस्बनच्या कैदेत झाली. फाशीचा स्तंभ प्रजेने ‘वाचावा’ म्हणून उभारला गेला, तर झग्यातील बंडखोर प्रजेच्या नजरेआड करण्यात आला. त्याचे जाहीर शासन सत्तेच्याच धार्मिक अधिष्ठानाला प्रश्न विचारणारे ठरले असते.

या प्रकरणावरील प्रमुख ग्रंथ कुन्य रिव्हार यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केला. कोकणीचा कैवार घेणाऱ्या या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या ग्रंथाच्या शीर्षकातही शब्द आहे तो ‘कट’ हाच. सहानुभूती असूनही परिभाषा दप्तराची राहते. रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये वासाहतिक इतिहासलेखनाच्या ज्या गद्यरूपाची चिकित्सा केली, त्याचाच हा एक नमुना मानता येईल. चौकशीच्या कागदांत आरोपी बोलतो. पण प्रश्नांचा क्रम त्याचा नसतो.

साहित्यातील उत्तरकथा याहून उद्बोधक आहे. कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेल्या आबे फारिया यांच्या वडिलांवर या कटातील सहभागाचा संशय होता. अलेक्झांडर द्यूमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीत (१८४४–४६) फारिया हे नाव टिकले, परंतु त्या नावाचा पाद्री इटालियन झाला. बंडाच्या छायेतील गोवेकर जागतिक वाङ्मयात शिरला तो आपला प्रदेश गमावून.

याउलट यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी केलेला जंगल सत्याग्रह पाहावा. येथील राजा कायद्यानेच प्रॉटेस्टंट होता. पण प्रतिकाराची भाषा धर्माची नव्हती, राखीव जंगलातील गवताची होती. कृती आधीच घोषित झाल्याने तिचे नाव ठरवण्याचा अधिकार सत्याग्रहींनी आपल्याकडे घेतला. अणे यांना कारावास झाला, पण न्यायालय या कृतीला ‘कट’ म्हणू शकले नाही.

तेव्हा यशापयश हा कथनाचा निर्णायक निकष नव्हे. गुप्ततेत राहणाऱ्यांची संहिता शत्रू लिहितो, ही गुप्ततेची किंमत होय. स्वधर्म-परधर्माच्या द्वंद्वावर पोसलेल्या मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या रूढ आकृतिबंधात कांदोळीच्या पाद्र्यांना जागा सापडणे कठीण आहे. ती जागा शोधायची, तर आधी तो आकृतिबंधच तपासावा लागेल.