‘आहे मनोहर तरी’ : लेखकाची प्रसिद्धी, निर्मिती आणि घर

प्रसिद्धी आणि निर्मिती यांच्यात ताण असतो, हे विधान मराठी समीक्षेत अनेकदा येऊन गेले आहे. मात्र हा ताण बहुधा लेखकाच्या मनातील द्वंद्व म्हणून मांडला जातो. तो घरात, दिवसाच्या चोवीस तासांच्या वाटणीत कसा सोडवला जातो, किंवा न सोडवता कोणाच्या अंगावर टाकला जातो, याचा विचार फारसा होत नाही. सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (मौज प्रकाशन, १९९०) हे आत्मकथन या अंगाने तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या पुस्तकाच्या स्वागताची कथा लक्षणीय आहे. ते प्रसिद्ध झाले त्याच वर्षी पु. ल. देशपांडे यांना पद्मभूषण मिळाले. त्यापूर्वीच ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला होता आणि १९७४ मध्ये इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते. मराठी घराघरांत ज्यांचे नाव आपलेपणाने घेतले जाई, अशा लेखकाविषयी त्यांच्या पत्नीने तटस्थपणे, प्रसंगी परखडपणे लिहावे, हे अनेकांना रुचले नाही. ‘पुलंवर अन्याय झाला का?’ हाच चर्चेचा मुख्य प्रश्न ठरला. वस्तुतः होकारार्थी उत्तर देणारे आणि नकारार्थी उत्तर देणारे, दोघेही एक गोष्ट गृहीत धरत होते, ती म्हणजे पुस्तकाचा विषय पु. ल. आहेत. येथेच वाचन चुकले असे म्हणावे लागते. पुस्तकात ‘भाई’ सर्वत्र आहेत. परंतु पुस्तकाचा विषय आहे तो एका बुद्धिमान स्त्रीच्या आयुष्यातील वेळ आणि त्या वेळेचा विनियोग.

‘बटाट्याची चाळ’चे प्रयोग १९६१ पासून सुरू झाले. या प्रकाराला मराठीत ‘एकपात्री’ म्हणतात. हा शब्द प्रेक्षागृहातून पाहिल्यावर बरोबर आहे, विंगेतून पाहिल्यावर नाही. प्रयोगांची आखणी, व्यवहार, पत्रव्यवहार, इतरांनी नाटके करावयाची तर त्यांच्या परवानग्या आणि मानधन, हा सारा भार सुनीताबाईंनी वाहिला. १९६५ मध्ये पु. ल. देशपांडे फाउंडेशन स्थापन झाले. पुढे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या कामाला त्यातून मोठे साहाय्य झाले. या दातृत्वाबद्दल समाजाने पुलंना मनापासून धन्यवाद दिले, आणि ते रास्तच होते. परंतु दान देण्याजोगी शिल्लक राहते ती कोणीतरी हिशेब चोख ठेवतो म्हणून. हिशेब चोख ठेवणाऱ्या व्यक्तीला मात्र ‘कडक’ हे विशेषण चिकटले. पुलंनी त्यांना विनोदाने ‘उपदेशपांडे’ म्हटले, ते लोकांना अतिशय आवडले. घरातली कोटी घराबाहेर गेली की तिची प्रतिमा होते. लोकप्रियतेने या घरात जणू दोन भूमिका वाटून दिल्या : एकाने दार उघडे ठेवायचे, दुसऱ्याने ते वेळेवर लावायचे. दुसरी भूमिका नीट वठली म्हणूनच पहिलीला लिहिण्याची, गाण्याची, मैफली जमवण्याची उसंत मिळाली. पुलंच्या निर्मितीविषयीच्या विवेचनात या उसंतीची नोंद क्वचितच आढळते.

रचनेच्या दृष्टीनेही हे आत्मकथन वेगळे आहे. ते कालानुक्रमाने पुढे सरकत नाही. एक आठवण दुसरीला ओढून आणते, निवेदन मध्येच चिंतनाकडे वळते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’शी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. लक्ष्मीबाईही एका कवीच्या लहरी संसाराची कथा सांगतात, परंतु त्यांचे हत्यार प्रसन्न विनोद आहे. सुनीताबाईंना ते हत्यार जवळजवळ वर्ज्यच होते. घरातील विनोदाचा मक्ता आधीच दुसऱ्याकडे होता! त्यांनी विश्लेषणाचा मार्ग धरला. १९४६ मध्ये रत्नागिरीत झालेल्या नोंदणी विवाहाचा प्रसंग पाहावा. आठ आण्यांच्या अर्जात उरकलेल्या या लग्नाचे भावुक चित्र त्या रंगवीत नाहीत. विवाहसंस्थेविषयीची आपली अनिच्छा आणि तरीही घेतलेला निर्णय त्या एकमेकांसमोर उभ्या करतात. शीर्षकातील ‘तरी’ असा पुस्तकभर काम करताना दिसतो.

या आत्मपरीक्षणाला मर्यादाही आहे. व्यवस्थितपणा आणि काटेकोरपणा यांविषयी त्या लिहितात तेव्हा तक्रार आणि अभिमान यांची सरमिसळ होते. ज्या कामांनी आपला वेळ खाल्ला ती कामे दुसऱ्या कोणाकडे सोपविण्याची त्यांची कितपत तयारी होती, हा प्रश्न वाचकाला पडतो. पुस्तक त्याला अर्धेच सामोरे जाते. त्यामुळे त्यांचे केवळ ‘उपेक्षित पत्नी’ असे चित्र काढणे हेही मूळ चुकीइतकेच सुलभीकरण होईल.

सुनीताबाई साठीनंतर लिहू लागल्या, असे सर्रास म्हटले जाते. ‘प्रिय जी. ए.’ या संग्रहातील पत्रे हे विधान खोडून काढतात. जी. ए. कुलकर्णी १९८७ मध्ये निवर्तले. म्हणजे ही सर्व पत्रे आत्मकथन प्रसिद्ध होण्यापूर्वीची आहेत. पुस्तके, माणसे, मृत्यू यांविषयी मोकळेपणाने बोलणारी, पूर्ण वाढलेली लेखिका तेथे आधीच हजर आहे. तिने वाचक निवडला तोही असा की ज्याने प्रसिद्धीकडे पाठ फिरवली होती, धारवाडात इंग्रजीचे अध्यापन करीत सभासंमेलनांपासून जो दूर राहिला आणि ‘काजळमाया’ला मिळालेला अकादमी पुरस्कार ज्याने परत केला. जी. एंच्या घराचे दार बंद होते, आणि त्या बंद दाराआडचा संसारही मावसबहिणींच्या सोबतीनेच चालत होता, हे येथे विसरता येत नाही. गर्दीच्या घरात राहणाऱ्या सुनीताबाईंना लिहिण्यासाठी एकच वाचक पुरेसा वाटावा, किंवा एकच परवडावा, यात त्यांच्या परिस्थितीविषयी आत्मकथनातील अनेक पानांहून अधिक कळते.

आपल्या अध्यापनात ‘आहे मनोहर तरी’ बहुधा स्त्री-आत्मकथनांच्या घटकात येते आणि पु. ल. विनोदी साहित्याच्या घटकात. विद्यार्थी दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांसाठी वाचतात. ‘प्रिय जी. ए.’ला तर या दोन्ही घटकांत सहसा जागा मिळत नाही. ही तीन पुस्तके एका तासिकेत शेजारी ठेवून ‘बटाट्याची चाळ’च्या निर्मितीत कोणाकोणाचा वेळ खर्ची पडला, असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून पाहण्यास हरकत नसावी.