उद्धरणांचे गणित आणि डॉ. जयंत नारळीकरांचे कार्य : एक चिकित्सा

प्रास्ताविक

शास्त्रज्ञांच्या कार्याची संख्यात्मक मोजदाद करणारे लेख संशोधन-पत्रिकांतून सातत्याने प्रसिद्ध होत असतात. वर्षनिहाय लेखसंख्या, सहलेखक, नियतकालिके व मिळालेली उद्धरणे यांचे तक्ते मांडावयाचे आणि त्यांवरून शास्त्रज्ञाचे स्थान ठरवावयाचे, ही त्यांची रूढ पद्धत. उद्धरण म्हणजे एखाद्या लेखाचा नंतरच्या लेखकाने दिलेला संदर्भ. खगोलभौतिकीतज्ज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या कार्याला ही मोजपट्टी लावली असता तिच्या मर्यादा कशा स्पष्ट होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्धरण : दखल की मान्यता?

१९६४ मध्ये फ्रेड हॉईल व नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तूचे जडत्व हा तिचा स्वतंत्र गुण नसून विश्वातील इतर वस्तूंच्या प्रभावातून ते निर्माण होते, या माखच्या विचाराला त्यांनी गणिती रूप दिले. १९६५ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी या सिद्धांतावर आक्षेप घेणारा लेख प्रसिद्ध केला. उद्धरणांच्या मोजणीत हा आक्षेप एक धरला जातो आणि दुसऱ्या कोणाचे समर्थनही एकच धरले जाते. म्हणजे संख्या दखल दाखविते. मान्यता दाखवीत नाही.

१९६५ मध्येच पेन्झियस व विल्सन यांनी सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर केला आणि बहुसंख्य अभ्यासक महास्फोट सिद्धांताकडे वळले. नारळीकरांनी मात्र पर्यायाचा शोध सोडला नाही. १९९३ मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी अर्ध-स्थिर स्थितीचे प्रतिमान मांडले. त्याला बहुमान्यता लाभली नाही. त्यामागे निरीक्षणांचा पुरावा होता, केवळ उद्धरणांचा पक्षपात नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु एखादा विचार पुराव्याअभावी मागे पडला की त्या वाटेने जाणारे अभ्यासकच थोडे होते, हा भेद संख्येतून कळत नाही. त्यासाठी मूळ लेखच वाचावा लागतो.

विद्याशाखांतर्गत तुलनाही सरळ नाही. २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या शोधाचा जो लेख प्रसिद्ध झाला, त्याचे एक हजाराहून अधिक लेखक होते. दोघा-तिघांनी कागदावर सिद्ध केलेला सिद्धांत आणि असा सामूहिक प्रकल्प यांची उद्धरणे एकाच रकान्यात मांडणे शास्त्रीय ठरत नाही.

मोजणीबाहेरचे कार्य

१९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या 'आयुका' या आंतरविद्यापीठीय केंद्राचे नारळीकर हे संस्थापक संचालक. विद्यापीठ व महाविद्यालयांतील अध्यापकांना संशोधनाच्या सुविधा खुल्या करणे हा या केंद्राचा एक प्रमुख हेतू. तेथे काम करून एखाद्या अध्यापकाने लिहिलेल्या लेखाची उद्धरणे त्या अध्यापकाच्या नावे जमा होतात. केंद्र उभारणाऱ्याच्या नावे काहीच जमा होत नाही. 'यक्षांची देणगी' या विज्ञानकथासंग्रहाने किंवा २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राने मराठी वाचकावर केलेला संस्कारही या तक्त्यांत शून्यच ठरतो.

अध्यापकांच्या दृष्टीने

२०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक कामगिरीचा निर्देशांक लागू केला आणि पदोन्नतीचा संबंध गुणांशी जोडला गेला. परिणामी हा प्रश्न करमाळा तालुक्यातील केमसारख्या गावात काम करणाऱ्या अध्यापकापर्यंतही पोहोचतो. तो मराठीत लिहितो, स्थानिक विषयावर लिहितो; त्याला उद्धृत करणारा वर्ग स्वभावतःच लहान असतो. त्याच्या लेखाची उद्धरणे थोडी असणे हा त्याच्या सामान्यत्वाचा पुरावा नव्हे. तसाच तो त्याच्या श्रेष्ठत्वाचाही पुरावा नव्हे. उपेक्षेच्या नावाखाली निकृष्ट लेखनाचे समर्थन करता येणार नाही.

समारोप

१९६० च्या दशकात युजीन गारफिल्ड यांनी विकसित केलेली उद्धरण-सूची मुळात संशोधन-साहित्य शोधण्याचे साधन होती. त्या कामी ती आजही उपयुक्त आहे. २००५ मध्ये जॉर्ज हर्श यांनी सुचविलेला एच-निर्देशांकही पूरक माहिती म्हणून ग्राह्य धरता येतो. मात्र तो वाचनाची जागा घेऊ लागला की मूल्यमापन करणाऱ्याने आपले मूळ काम सोडले, असेच म्हणावे लागेल. लेखांची संख्या लिपिकही मोजू शकतो. त्यांतील विचाराचे वजन ठरविण्यासाठी त्या विषयाचा जाणकारच हवा.