जुना स्कॅनर, नवा लॅपटॉप आणि ‘सेन’

पाटसला घरी माझा जुना सपाट स्कॅनर आहे. संशोधनासाठी मोडी कागद त्यावरच उतरवतो. नव्या लॅपटॉपने त्याला ओळखच दाखवली नाही. यंत्र ठणठणीत आहे हो. ड्रायव्हर 32-बिट, आणि 64-बिट विंडोजला तो 64-बिटच लागतो.

तुम्ही म्हणाल, टाका भंगारात. थांबा, आधी लिनक्सवरची ‘सेन’ ही मुक्त प्रणाली बघा. यंत्राशी बोलणारा भाग, म्हणजे बॅकएंड, आणि पडद्यावर दिसणारा भाग ती वेगळे ठेवते. वरचं कितीही बदललं तरी बॅकएंड सांभाळला की जुनं यंत्र चालतं. हेच तिचं बळ, आणि उणीवही इथेच: तुमच्या मॉडेलचा बॅकएंड कुणी लिहिलाच नसेल तर सगळं अडतं. म्हणून आधी तिची यादी तपासा.

दुसरी मर्यादा यंत्राची. माझा स्कॅनर यूएसबीवरच चालतो, वीज गेली तरी काम थांबत नाही. पण त्याच्या सीआयएस सेन्सरला काचेपासून उचललेली घडी धूसर दिसते. ते ‘सेन’ला दुरुस्त करता येत नाही. मोडीत धूसर रेघ म्हणजे चुकलेलं वाचन. तेव्हा सपाट कागद स्कॅनरवर. चुरगळलेला दाबू नका, त्याचा फोटोच काढा.